मु. पो. डी-ड्राइव्ह

सी-ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली की भल्याभल्यांच्या आतला हेडक्लार्क जागा होतो. एरवी ज्यांना स्वतःचं पॅन कार्ड सापडत नाही, ती माणसं त्या रविवारी चहा बाजूला सारून 'आज हे सगळं एकदाचं लावूनच टाकतो' असं जाहीर करतात आणि लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसतात. घरच्यांनी खरं तर त्याच क्षणी त्यांना दुसरं काम काढून द्यायला हवं. पंखे पुसायचे राहिलेत, दळण आणायचंय, काहीही. लाल पट्टीवाला लॅपटॉप फार तर कुरकुरतो, अपडेट घ्यायला नकार देतो. ती पट्टी पुन्हा निळी करायला निघालेला माणूस दुपारपर्यंत कुठल्या थराला जाईल ते मात्र सांगता येत नाही.

पट्टी लाल होण्याची सोय मुळातच करून ठेवलेली असते. मधल्या काही वर्षांत घरोघरी आलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत दोन ड्राइव्ह असत. एक चपळ पण चिमुकला, १२८ जीबीचा एसएसडी, म्हणजे सी. दुसरा संथ आणि ऐसपैस, एक टीबीची हार्ड डिस्क, म्हणजे डी. खोक्यावर १२८ लिहिलेलं असतं आणि स्क्रीनवर ११९ दिसतात. मधले नऊ दुकानदाराने खाल्ले, असा सार्वत्रिक समज आहे. तसं काही नसतं. खोकं छापणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज एक हजार चोवीसच्या. त्या ११९ मध्ये विंडोज स्वतः पाय पसरून बसतं, मग ऑफिस, मग मुलाचा एखादा गेम. आणि डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज, डाउनलोड्स, डेस्कटॉप हे सगळे फोल्डर तुम्हाला न विचारता त्याच सीवर बसवलेले असतात. दहा टक्क्यांहून कमी जागा उरली की पट्टी लाल. शेजारी डी-ड्राइव्ह गावाकडच्या वाड्यासारखा मोकळा पडलेला.

डेस्कटॉपच्या बाबतीत तर लोकांची श्रद्धा वेगळीच असते.

"सीवर काय काय ठेवलंय तुम्ही?"

"सीवर काहीच नाही हो. सगळं डेस्कटॉपवर आहे."

डेस्कटॉप कुठल्याच ड्राइव्हवर नसतो, तो हवेत असतो, ही समजूत मी एमएस-सीआयटीचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट कपाटात असणाऱ्यांकडूनही ऐकली आहे. तिच्याशी वाद घालता येत नाही, कारण समोरचा माणूस काचेवर बोट ठेवून दाखवतो, "हे काय, इथे तर आहे."

'सीवर काही ठेवू नका' हा उपदेश मात्र सगळ्यांना तोंडपाठ. तो आला असेंबल्ड कॉम्प्युटरच्या जमान्यातून. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून (कागदोपत्री त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, तिथे जाऊन ते नाव सांगितलंत तर दुकानदार तुम्हालाच पत्ता विचारेल), पुण्यात तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जोडलेला तो कॉम्प्युटर घरी आला, की जोडणारा मुलगा एका हार्ड डिस्कचे चार तुकडे पाडायचा आणि संथा द्यायचा: सी सिस्टिमचा, डी डेटाचा, ई गाण्यांचा आणि एफ बॅकअपचा. सहा महिन्यांनी व्हायरस शिरला की तोच मुलगा येऊन सीला फॉरमॅट मारायचा आणि डी, ई, एफ वाचायचे. त्या काळी घरगुती कॉम्प्युटरवर चालणारी हीच एक शस्त्रक्रिया होती. दुखणं कुठलंही असो, सीच कापायचा. त्यामुळे उपदेश खोटा नव्हता. फक्त चारही ड्राइव्ह एकाच डिस्कवर असल्याने ती डिस्क बसली की एफवरचा बॅकअपही तिच्याबरोबर जायचा. पण तोवर त्या मुलाने नंबर बदललेला असायचा.

आणि पहिल्याच ड्राइव्हचं नाव सी का, हा प्रश्न विचारणारी पिढी आता आलीच आहे. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉप्या गेल्या, पण जागा अजून त्यांच्याच नावावर. आयबीएमने १९८३ साली पीसी एक्सटी आणला तेव्हा त्यातल्या हार्ड डिस्कची ऐपत दहा एमबी होती. आज मोबाइलने काढलेले गुळाच्या ढेपेएवढ्या गणपतीचे तीन फोटो तिच्यात मावले नसते. आपल्याकडे तर विसर्जनापर्यंत तीनशे निघतात, आणि ते सगळे सीवर जातात.

तर, सीवर बसवलेले हे फोल्डर डीवर हलवणं अवघड नाही. डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. तिथे तीन बटणं असतात: रिस्टोअर डिफॉल्ट, मूव्ह आणि फाइंड टार्गेट. डीवर आधी एक रिकामा फोल्डर करून मूव्हमध्ये तो दाखवायचा आणि ओके म्हणायचं. 'जुन्या जागेतल्या सगळ्या फायली नव्या जागी हलवू का?' असं विंडोज विचारतं. हो म्हणायचं आणि उठून जेवायला जायचं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं वाटेल. चुकण्यासारखं एवढंच आहे: 'आधी एक रिकामा फोल्डर करून'. हे पाच शब्द वगळूनच महाराष्ट्रात हे काम केलं जातं.

आमच्या तळमजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरवरच्या फोल्डरला ते 'खातं' म्हणतात. त्यांनी यूट्यूबवरचा एक व्हिडिओ निम्मा पाहिला, मूव्ह दाबलं आणि नवा फोल्डर वगैरे न करता थेट डी-ड्राइव्हच दाखवून दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. डी रिकामाच आहे, त्याच्यात परत वेगळं खातं कशाला उघडा? विंडोजने मान डोलावली. आता डी-ड्राइव्ह हेच डॉक्युमेंट्स झालं. डॉक्युमेंट्स उघडलं की काकांचं लाइफ सर्टिफिकेट, नातवाच्या मुंजीचा चार तासांचा व्हिडिओ, सोसायटीचे ताळेबंद, जावयाने दिलेले दोनशे सिनेमे आणि लॅपटॉपबरोबर आलेला कसलातरी इंग्रजी नावाचा फोल्डर, सगळे एका रांगेत उभे.

इथवर फारसं बिघडलं नव्हतं. बिघाड दुरुस्तीपासून सुरू झाला. काकांनी रिस्टोअर डिफॉल्ट दाबलं. विंडोजने पुन्हा तोच सभ्य प्रश्न विचारला, की सगळ्या फायली हलवू का? बँकेत छत्तीस वर्षं जिथलं तिथे ठेवलेला माणूस नाही कशाला म्हणेल? त्यांनी हो म्हटलं. विंडोजच्या लेखी डॉक्युमेंट्स म्हणजे अख्खा डी, त्यामुळे दोनशे सिनेमे आणि मुंज ११९ जीबीच्या सीकडे चालू लागली. थोड्या वेळाने जागा संपली. त्याआधी सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाच्या एका लपलेल्या फोल्डरने जागचा हलायला नकार दिला आणि 'यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल' अशी पाटी आली.

काका चिडून वर आले. "अरे, लॅपटॉप माझा, बिल माझ्या नावाचं, घरात मी आणि ही. हा ॲडमिनिस्ट्रेटर कोण?"

"तुम्हीच आहात काका."

"मग मी माझ्याकडे परवानगी मागतोय?"

याला उत्तर नाही. असतं तरी मी दिलं नसतं.

अशा वेळी काकांना समजावायची गोष्ट एकच असते, आणि ती टपालखात्याची आहे. डॉक्युमेंट्स ही पेटी नाही. तो पत्ता आहे. वर्ड किंवा एक्सेलला फाइल ठेवायची झाली की ते विंडोजला विचारतं, 'हे डॉक्युमेंट्स राहतात कुठे?' विंडोज आपल्या वहीत बघून सांगतं, 'मुक्काम सी, अमुक गल्ली.' लोकेशनमध्ये आपण बदलतो ती वहीतली ओळ. सामान हलवायचं की नाही हा त्यानंतरचा वेगळा प्रश्न, आणि म्हणूनच विंडोज तो वेगळा विचारतं. पत्ता चुकीचा लिहिला गेला असेल तर फक्त पत्ता दुरुस्त करायचा आणि सामानाच्या प्रश्नाला ठामपणे 'नाही' म्हणायचं. आपल्याला कुठल्याही पाटीला हो म्हणायची सवय लागलेली असते, त्यामुळे हा 'नाही' उच्चारायला फार धैर्य लागतं.

काकांचं असंच केलं. हलवाहलवी थांबवली, लोकेशनमध्ये सीवरचा जुना पत्ता टाइप केला, ओके, आणि मग 'नाही'. डॉक्युमेंट्स माघारी आलं, सिनेमे डीवर राहिले. काही फायली मात्र सीवर पोचल्या होत्या आणि काही डीवर अडकल्या होत्या. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर हलवणं म्हणजे प्रत्यक्षात आधी नक्कल करणं आणि मग मूळ पुसणं, त्यामुळे मधेच थांबवलं तर कुटुंब असं फुटतं. पण हरवत काही नाही. ज्या त्या फायली उचलून जागेवर ठेवल्या, डीवर एक रिकामा फोल्डर केला (काकांच्या देखत, मोठ्याने म्हणत), आणि मूव्ह नव्याने केलं. फोल्डरला त्यांच्याच आग्रहाने 'बचत खाते' असं नाव दिलं. तरी एक्सप्लोररमध्ये तो 'डॉक्युमेंट्स' असाच दिसू लागला, कारण अशा फोल्डरच्या पोटात डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची एक लपलेली चिठ्ठी असते आणि दर्शनी पाटी तिच्या म्हणण्याप्रमाणे लागते. काकांना हे पटलं नाही. खरा मार्ग बघायचा तर वरच्या ॲड्रेस बारमध्ये क्लिक करा, असं मी दाखवलं. तेव्हापासून ते रोज सकाळी एकदा क्लिक करून आपण अजून डीवरच राहतो ना याची खात्री करून घेतात.

या गोंधळाची दुसरी जात याहून चिवट. आमच्या भागात मंगल कार्यालयाला लागून एक डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, वर्षश्राद्ध, सगळं एकाच मशीनवर निघतं. त्या दुकानदाराने डॉक्युमेंट्स डीवरच्या 'काम' नावाच्या फोल्डरकडे वळवलं. ते रीतसर झालं. त्या यशाच्या भरात त्याने पिक्चर्सही त्याच 'काम'कडे वळवलं. इथे विंडोज चक्क गयावया करतं. हा दुसऱ्या सिस्टिम फोल्डरचा पत्ता आहे, पुढे गेलात तर दोघांना वेगळं करता येणार नाही आणि मूळ जागाही परत मिळणार नाही, तरी पुढे जायचं का, असं स्वच्छ विचारतं. पण मुहूर्ताची गडबड होती, गिऱ्हाईक काउंटरवर उभं होतं, आणि या धंद्यात येस हे बटण वाचलं जात नाही, दाबलं जातं.

त्यानंतर डॉक्युमेंट्स उघडलं काय आणि पिक्चर्स उघडलं काय, एकच दृश्य. वधूवरांचे फोटो, कोरलड्रॉच्या फायली, कोरलने आपल्या मनाने बनवलेल्या 'बॅकअप ऑफ' ने सुरू होणाऱ्या फायली, आणि त्यांच्यामध्ये पत्रिकांची अमर परंपरा: फायनल, फायनल दोन, फायनल करेक्शन, आत्याचं नाव टाकून फायनल, आत्याचं नाव काढून फायनल. रिस्टोअर डिफॉल्ट दाबलं की नन्नाचा पाढा. इथे फोल्डर हलवता येत नाही, कारण याच जागी दुसरा एक फोल्डर आहे जो हलवता येत नाही. आणि दुसऱ्याला विचारलं की तो पहिल्याकडे बोट दाखवतो. सरकारी कचेऱ्यांशी वर्षानुवर्षं संबंध आलेल्या त्या दुकानदाराला हे उत्तर मुळीच विचित्र वाटलं नाही. तो दोन दिवस थांबून पुन्हा विचारणार होता.

याला इलाज म्हणजे ती वहीच उघडणं. तिचं नाव रेजिस्ट्री, आणि तिची दहशत फार. रेजएडिट म्हटलं की लोक घरातल्या लहान मुलांना बाहेर पाठवतात. प्रत्यक्षात काम एका ओळीचं असतं. एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, एक्सप्लोरर असं उतरत गेलं की 'यूजर शेल फोल्डर्स' हे पान येतं. काही करण्याआधी त्या पानाची एक्सपोर्ट करून प्रत काढून ठेवायची. ती काढणारा माणूस मी अजून दुकानात पाहिलेला नाही, पण सांगायचं काम आपलं. तिथे पिक्चर्सची ओळ 'माय पिक्चर्स' या जुन्या नावाने आहे. व्हिस्टा आलं तेव्हा दर्शनी पाट्यांवरचं ते 'माय' उतरलं, वहीत अजून तसंच. डॉक्युमेंट्सची ओळ शोधून सापडत नाही, कारण वहीत त्याचं नाव आहे 'पर्सनल'. आणि डाउनलोड्सला नावच नाही. त्याच्या वाट्याला ३७४डीई२९० ने सुरू होणारा, महिरपी कंसातला एक लांबलचक आकडा आला आहे. ज्या फोल्डरमध्ये अख्ख्या घराचा कचरा जमतो त्याला घरात नाव नसावं, यात मला काही अन्याय वाटत नाही.

पिक्चर्सच्या ओळीत नवा, स्वतंत्र पत्ता लिहायचा, तो फोल्डर आधीच करून ठेवलेला असावा, मग साइन आउट करून परत यायचं. दोन्ही फोल्डर सुटे होतात. आतला माल मात्र सुटा होत नाही, तो हाताने निवडावा लागतो. दुकानदाराने तो निवडायला आपल्या मेहुण्याला बसवलं आहे. मेहुणा आता 'आत्याचं नाव काढून' आणि 'टाकून' यांतलं खरं फायनल कुठलं हे ठरवण्यासाठी वधूपित्याला फोन करतो.

त्या वहीत शेजारीच 'शेल फोल्डर्स' नावाचं जवळजवळ तसंच दुसरं पान आहे, आणि त्याच्या माथ्यावर उद्गारचिन्ह देऊन इंग्रजीत लिहिलंय की हे पान वापरू नका. दुरुस्तीला बसलेला माणूस हमखास तिथेच दुरुस्ती करतो. मग काही फरक पडत नाही, मग तो चिडून आणखी चार ओळी बदलतो. हे पान तिथे आहेच कशाला, याची कथा मायक्रोसॉफ्टचे जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी २००३ साली लिहिली आहे. विंडोज ९५ तयार होत असताना ते तात्पुरतं ठेवलं होतं. पण १९९४ मध्ये कोणी लिहिलेले चार प्रोग्रॅम त्याच्यावर विसंबून होते. ते बंद पडू नयेत म्हणून पान राहिलं, मग आणखी लोक विसंबले, मग ते काढताच येईना. चार दुकानांसाठी घातलेली तात्पुरती शेड पुढे रस्ता होऊन बसते हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे निदान तिच्यावर 'वापरू नका' असं कोणी लिहीत नाही.

पत्ते बदलण्यात कंपनीचा स्वतःचा हातही काही हलका नाही. एक्सपीपर्यंत सगळ्यांचा संसार 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये होता. २००७ मध्ये व्हिस्टा घरोघरी पोचलं आणि तो उठून 'यूजर्स'मध्ये गेला. जुना पत्ता पाठ असलेल्या प्रोग्रॅमांची पंचाईत होऊ नये म्हणून जुन्या जागी एक पाटी ठेवली, म्हणजे जंक्शन. प्रोग्रॅम तिथे गेला की आपोआप नव्या जागी पोचतो. माणसाने क्लिक केलं तर 'प्रवेश नाकारला'. लपलेल्या फायली दिसायची सोय चालू असली की हे फोल्डर फिकट रंगात दिसतात, आणि नाकारलेला प्रवेश मिळवल्याशिवाय आपल्याकडे कोणाला झोप येत नाही. मग मालकी हक्क स्वतःच्या नावावर करून घेणं, परवानग्या बदलणं, आणि इतकी झटापट करून आत शिरल्यावर आपलेच फोटो बघून हिरमुसणं.

ही जंक्शनची युक्ती हुशार पोरांना फार आवडते. हिंजवडीत नोकरी करणारा भाचा दिवाळीला येतो, मामाचा लाल सी बघतो आणि "मामा, हे लोकेशन बिकेशन नवशिक्यांसाठी आहे, थांबा" म्हणून काळी खिडकी उघडतो. फोल्डर डीवर, सीवर त्याच नावाचं जंक्शन, कोणत्याही प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही की घर हललंय. काम खरोखर उत्तम असतं. भाऊबीज झाली की भाचा जातो. पुढच्या उन्हाळ्यात लॅपटॉप मंद झाला म्हणून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे जातो. त्याला सीवर एक फोल्डर दिसतो आणि डीवर हुबेहूब तसाच दुसरा. त्याच फायली, तीच साइझ. "काका, सगळं डबल आहे तुमचं," असं म्हणून तो प्रामाणिकपणे डीवरचा रिकामा करतो. सीवरचा आपोआपच रिकामा होतो, कारण तो कधी भरलेलाच नव्हता. या कामाचे तो साडेतीनशे रुपये घेतो, आणि मंदपणा खरंच कमी झालेला असतो.

मला या प्रकरणांत फोल्डर हलवणाऱ्यांचं फार भय वाटत नाही. त्यांच्या हातून फायली गायब होत नाहीत, फक्त गोंधळ होतो. भय वाटतं ते 'हे डबल दिसतंय, काढून टाकू का?' म्हणणाऱ्यांचं. आणि ही फक्त कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याची खोड आहे असं कोणाला वाटत असेल, तर त्याने २०१८ चा ऑक्टोबर आठवावा.

झालं असं की बऱ्याच लोकांनी आपले डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते. त्या वर्षीच्या एप्रिलच्या अपडेटनंतर त्यांतल्या काहींना जुन्या जागी त्याच नावाचे रिकामे फोल्डर दिसू लागले. त्यांनी तक्रार केली. तक्रार रास्त होती, रिकामी खोकी कोणाला आवडतात? मायक्रोसॉफ्टने मनावर घेतलं आणि पुढच्या अपडेटमध्ये असे रिकामे, दुबार फोल्डर काढून टाकायची व्यवस्था केली. २ ऑक्टोबरला १८०९ हे अपडेट बाहेर पडलं. त्याने जुने फोल्डर काढले. ते रिकामे आहेत का, एवढं बघायचं राहून गेलं.

ज्यांनी पत्ता बदलताना 'सामान हलवू का?' या प्रश्नाला नाही म्हटलं होतं, किंवा ज्यांचं सामान अर्धं जुन्या घरीच राहिलं होतं, त्यांचं जुन्या घरातलं सगळं साफ झालं. काही दिवसांतच कंपनीने अपडेट थांबवलं. ९ ऑक्टोबरला कंपनीचे अधिकारी जॉन केबल यांनी कारणं जाहीरपणे सांगितली, फायली खरोखर गेल्याच्या तक्रारी अपडेट घेतलेल्या शंभरातल्या एकाच्या शंभराव्या हिश्शाएवढ्याच आहेत असंही सांगितलं. ज्यांच्या गेल्या त्यांना सल्ला होता, की लॅपटॉप शक्यतो वापरू नका आणि आम्हाला फोन करा. दुरुस्त केलेलं अपडेट पुन्हा आलं १३ नोव्हेंबरला. यातला मला सगळ्यात आवडलेला भाग पुढचाच आहे. अपडेट यायच्या आधीच चाचणी करणाऱ्या काही लोकांनी 'माझ्या फायली गेल्या' असं कळवून ठेवलं होतं. पण त्या तक्रारींना इतरांची पुरेशी मतं पडली नव्हती, म्हणून त्या ढिगाऱ्यात खालीच राहिल्या. मग कंपनीने तक्रारीच्या फॉर्ममध्ये 'हे किती गंभीर आहे?' असा एक रकाना वाढवला.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांना फार समाधान वाटलं. "म्हणजे त्यांचंही रिकन्सिलिएशन चुकतं," ते म्हणाले, आणि पुढचे दोन आठवडे सोसायटीत प्रत्येकाला चुकीचं वर्ष टाकून ही गोष्ट सांगत होते.

काकांचा डेस्कटॉप आम्ही सीवरच ठेवला होता. डेस्कटॉप हलवू नये असं माझं मत आहे. पेन ड्राइव्हवर किंवा सुट्या हार्ड डिस्कवर नेऊन ठेवणाऱ्यांपुढे तर ती काढली की सकाळी कोरा पडदा उगवतो आणि 'हे ठिकाण उपलब्ध नाही' अशी सूचना. पण काकांना एका सकाळी खालच्या कोपऱ्यात नम्र विचारणा आली, की तुमचे फोल्डर सुरक्षित नाहीत, वनड्राइव्हवर बॅकअप घेऊ का? सुरक्षित नाहीत म्हटल्यावर बँकवाला माणूस थांबतो कुठे? या बॅकअपमध्ये नुसती प्रत जात नाही, डेस्कटॉपचा पत्ताच बदलून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातो. फुकटची जागा पाच जीबी. काकांच्या डेस्कटॉपवर नातवाच्या बोरन्हाणाचाच एक व्हिडिओ त्याहून मोठा होता. जागा भरली, पैसे भरायची आठवण येऊ लागली. काकांनी बॅकअप बंद केला. बंद केल्यावर पत्ता जुन्या जागी येतो, सामान वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच राहतं, आणि ते कुठे गेलं हे कळावं म्हणून रिकाम्या डेस्कटॉपवर एक शॉर्टकट ठेवला जातो. त्याचं नाव इंग्रजीत असतं.

मला फोन आला तेव्हा काकांचा आवाज दबलेला होता. काकू शेजारच्या खोलीत असाव्यात.

"अरे, डेस्कटॉप पूर्ण कोरा झालाय. एकच फाइल राहिली आहे."

"नाव काय तिचं?"

त्यांनी चष्मा लावल्याचा आवाज आला. मग एकेक शब्द लावत वाचलं, "व्हेअर आर माय फाइल्स."

"हां. तीच उघडा."

"उघडतो रे. पण आधी मला सांग, हे मी कधी टाइप केलं?"